घराबाहेरच्या लाकडाला पुन्हा रंग: सोलापूरच्या उन्हापावसात टिकणारं काम

सोलापुरात घराबाहेरचं लाकूड दोन ठिकाणी दिसतं. एक म्हणजे पेठांमधली जुनी घरं. बाळीवेस, शुक्रवार पेठ, साखर पेठ या भागांत अजून काही घरांच्या वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने फळ्या आहेत, सज्जा आहे, कठडा आहे. दुसरी म्हणजे जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडची नवी घरं. तिथे दर्शनी भिंतीवर शोभेसाठी पाईनच्या नाहीतर सागाच्या फळ्या बसवलेल्या असतात. लाकडाचं वय वेगळं, जात वेगळी, पण रंगकामाची रीत जवळपास तीच. आजवर फक्त घरातल्या भिंतींना रंग दिलाय आणि आता बाहेरच्या फळ्यांचे सुटलेले पापुद्रे बघवत नाहीत, अशांसाठी हा लेख.

(दर्शनी भागावरच्या पट्ट्या प्लॅस्टिक मिसळलेल्या, म्हणजे डब्ल्यूपीसीच्या असतील तर यातलं काही करू नका. ते लाकूड नाही.)

रंग गेला की आपल्याकडे सगळे उन्हाला दोष देतात. ऊन दोषी आहेच, पण ते अर्धंच काम करतं. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा फळी सुकते, आक्रसते, सांध्यात आणि टोकांना बारीक चिरा पडतात. रंगाचा थर तापून तापून ठिसूळ होतो आणि लाकूड हललं तरी तो त्याच्याबरोबर हलत नाही. उरलेलं अर्धं काम पाऊस करतो. आपला पाऊस एकूण फार नाही, पण सर्वांत जास्त पडतो तो सप्टेंबरमध्ये, आणि बऱ्याचदा वाऱ्या-विजांसह आडवा झोडपतो. उन्हाळ्याने पाडलेल्या चिरांतून तेच पाणी आत शिरतं, रंगाखाली अडकतं आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं की रंगाला फोड येतात. त्यामुळे डबा उघडण्याआधी पाण्याच्या वाटा शोधायच्या. वाट तशीच राहिली तर महागातला महाग रंगही दोन पावसाळ्यांत सुटतो.

काम कधी काढायचं

पाऊस थांबल्यावर लगेच नाही. लाकडातला ओलावा उतरायला आपल्या हवेत दोन-तीन आठवडे तरी द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र बाहेरचं लाकूडकाम काढू नका. पेंटर मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात, आणि घाईत कापलं जातं ते घासण्याचंच काम. घर सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर संक्रांतीच्या आठवड्यात रस्त्यावर परांची उभी राहणार नाही, हेही धरून चाला. नंदीध्वज निघतात तेव्हा त्या गल्ल्यांत शिडीलाही जागा नसते.

मार्चमध्ये सकाळच्या वेळात काम होऊ शकतं. एप्रिल-मेमध्ये नको. तापलेल्या फळीवर रंग वरून साय धरतो आणि आत ओला राहतो. ब्रशच्या रेघा तशाच गोठतात आणि पुढे तिथेच फोड येतात. परीक्षा सोपी आहे: फळीवर तळहात ठेवा, पाच सेकंद ठेवून धरवत नसेल तर त्या फळीला आत्ता रंग लावायचा नाही.

जून-जुलैच्या वाऱ्याच्या दिवसांतही नको. ओल्या रंगावर धूळ बसली की ती कायमची बसली.

आधी नुसतं बघा

हातात एक स्क्रू-ड्रायव्हर, एक खडू आणि ब्लेड घेऊन घराला फेरी मारा. दोष दिसेल तिथे खडूने खूण करा. पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू आधी बघा, तिथे ऊन जास्त खातं.

रंगावरून हात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर उन्हाने पिठाळलाय, तो धुऊन-घासून काढावा लागेल. रंगात चौकटी-चौकटींच्या भेगा असतील तर थरावर थर चढून तो जाड आणि ठिसूळ झालाय. फोड दिसला की ब्लेडने कापून आत बघा. खाली उघडं लाकूड असेल तर ओलावा लाकडातून आला आहे. खाली जुना रंग असेल तर तापलेल्या पृष्ठभागावर दिलेल्या हाताचा किंवा न जमलेल्या दोन थरांचा तो दोष आहे. दोन्हीचे इलाज वेगळे, म्हणून हे कापून बघणं चुकवू नका.

जिथे रंग घट्ट दिसतो तिथेही खात्री करा. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या चिरा पाडा, वर सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला चौकोनच्या चौकोन चिकटून आले तर तो रंग ठेवण्यात अर्थ नाही. एखाद-दुसरा कपचा निघाला तर घासून त्यावर नवा रंग चालेल.

मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात टोचत जा. फळ्यांची खालची टोकं, चौकटीचे पाय, सज्ज्याचा तळ. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. टोक सहज घुसलं तर कूज आहे. फळी टकटक करून पोकळ वाजली किंवा भिंतीवरून मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय रंगाचं नाव काढू नका.

पाण्याच्या वाटा

यावर सर्वांत जास्त वेळ घालवा.

कठड्याची खालची आडवी पट्टी घ्या. तिची वरची बाजू सपाट असते आणि तिच्यात उभे गज बसवलेले असतात. पाऊस पडला की पाणी त्या सपाट पट्टीवर थांबतं आणि प्रत्येक गजाच्या पायाशी जी बारीक फट असते तिच्यातून खाली उतरतं. वरून रंग ठीक दिसतो, पण पायाशी कपाळावरच्या आठ्यांसारखी एक काळसर रेघ उमटलेली असते. तीच खूण. तिथे टोचलंत तर लाकूड मऊ लागेल. या पट्टीला सुताराकडून बाहेरच्या बाजूला थोडा उतार रंध्याने काढून घ्या आणि गजांच्या पायाशी बाहेरच्या कामाचं, रंग चढणारं सीलंट भरा. नुसतं सिलिकॉन आणू नका. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

दुसरी जागा म्हणजे फळीचं कापलेलं टोक. लाकडात नळ्या उभ्या धावतात. टोकाला त्यांची तोंडं उघडी असतात, म्हणून फळीच्या पृष्ठभागापेक्षा टोक कितीतरी पटीने पाणी पितं. रंगकामात नेमकं हेच टोक विसरलं जातं, कारण ते खालून किंवा वरून असतं, समोरून दिसत नाही. टोकाला प्रायमरचे दोन हात, रंगाचेही दोन हात. ब्रश जात नसेल तर चिंधीने दाबून भरा.

तिसरी, लाकूड आणि भिंत यांचा सांधा. जुन्या घरात चुन्याचा गिलावा लाकडापासून सुटलेला असतो. वरून आणि बाजूने येणारी फट बंद करायची.

पण सगळ्या फटी बंद करायच्या नाहीत. आडव्या फळ्या एकमेकींवर चढवून बसवलेल्या असतील तर वरच्या फळीची खालची कड मोकळीच राहू द्या. आत शिरलेलं थोडं पाणी, घरातली वाफ, सगळं तिथूनच बाहेर पडतं. ती कड सीलंटने किंवा रंगाने लिंपून टाकली की ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी फोड नक्की. नव्याने शिकणारा माणूस उत्साहाने सगळंच बुजवतो. वरून येणारं पाणी अडवायचं, खाली जाणारं सोडायचं, एवढा एकच नियम धरा.

पत्र्याची पन्हाळ गळते का, गच्चीचा पाइप फळ्यांवर सांडतो का, कुंड्यांचं पाणी कुठे जातं, तेही बघा. सर्वांत खालची फळी जमिनीपासून सहा-आठ इंच वर हवी. खाली माती असेल तर पावसाचे शिंतोडे रोज तिला भिजवतात, आणि आपली काळी माती ओल लवकर सोडत नाही. तिथे फरशीचा तुकडा किंवा खडीचा पट्टा करा.

जुन्या रंगातलं शिसं

भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, हिरव्या, लाल छटांत शिसं बरंच असू शकतं. जुन्या घराच्या दारा-कठड्यांवर असे थर एकावर एक चढलेले असतात. त्यांची कोरडी धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही.

म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. पाण्याचा फवारा मारून ओला करा, मग खरवडा. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. साधा रुमाल चालत नाही, एन-९५ मास्क लावा. पापुद्रे रोजच्या रोज पिशवीत बांधा, झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत त्या बाजूला नकोत. रॉकेलचा ब्लो-लॅम्प लावून रंग जाळण्याची जुनी पद्धत आता सोडा. शिशाच्या वाफा होतात, शिवाय फळीमागच्या भुशाने आणि चिमण्यांच्या घरट्यांनी पेट घेतलेला वरून कळतसुद्धा नाही. गरम हवेची मशीन कमी तापमानावर चालते, पण तीही एका जागी धरून ठेवायची नाही.

धुणं

नळाला पाणी येण्याचा दिवस बघून हे काम ठेवा. बादलीभर पाण्यात थोडा साबणचुरा, मऊ ब्रश, खालून वर धूत जा म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. स्वच्छ पाणी वरून खाली. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं पुसणं नळाच्या पाण्याने करा, नाहीतर पांढरी खर राहते. काळी बुरशी असेल तिथे ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी दहा मिनिटं ठेवून धुऊन टाका. त्यात कुठलंही ॲसिड मिसळू नका. प्रेशरचा पंप नको, तो पाणी फळीमागे ढकलतो. कॉस्टिकने रंग उतरवायचा सल्ला कोणी देईल. सागवान त्याने काळं पडतं आणि लाकडात उरलेला क्षार नव्या ऑईल पेंटला खातो. नकोच.

धुतल्यावर थंडीच्या दिवसांत तीन-चार दिवस वाळू द्या.

खरवडणं आणि घासणं

धारदार पत्रीने (रंग खरवडायच्या पात्याने), लाकडाच्या रेषेच्या दिशेने. सुटलेलं तेवढंच निघालं पाहिजे. घट्ट रंगाला ओरबाडून काढायचा हट्ट नको. पत्री बोथट झाली की दाब वाढतो, दाब वाढला की लाकडाला घळ पडते. म्हणून कानस जवळ ठेवा आणि धार करत राहा.

खरवडून झाल्यावर घट्ट राहिलेला रंग आणि उघडं लाकूड यांच्यामध्ये एक पायरी राहते. ती पायरी नव्या रंगाखालून दिसते आणि पुढे तिथूनच सोलायला सुरुवात होते. ८० नंबरच्या काचपेपरने ती कड उतरती करा. डोळे मिटून बोट फिरवा, बोटाला कड लागली नाही तर झालं. शिसं असण्याची शक्यता असेल तिथे कोरडा काचपेपर न वापरता पाण्याचा पेपर ओला करून घासा. उघड्या लाकडाला शेवटी १२० नंबर पुरे. त्याहून गुळगुळीत करू नका, बाहेरच्या रंगाला पकडायला थोडा खरखरीतपणा लागतो. घट्ट जुन्या रंगाची चमकही मारली पाहिजे. चकचकीत थरावर नवा थर बसत नाही.

बऱ्याच दिवसांपासून उघडं पडून राखाडी झालेलं लाकूड दिसेल. तो राखाडी थर म्हणजे उन्हाने मेलेले तंतू. त्यावर दिलेला रंग त्या तंतूंना धरतो आणि त्यांच्यासकट निघून येतो. खालचा तांबूस-पिवळा ताजा रंग दिसेपर्यंत घासा. आणि एकदा लाकूड उघडं केलं की महिनाभर तसंच सोडू नका. उघडं लाकूड आठ-पंधरा दिवस उन्हात राहिलं तरी रंग धरण्याची ताकद कमी होते. आपल्या उन्हात तर आजचं उघडं, उद्या-परवा प्रायमर, असंच चाला. त्यामुळे सगळं घर एकदम खरवडू नका. एक बाजू खरवडा, तिला प्रायमर द्या, मग पुढची.

शेवटी धूळ. कोरड्या ब्रशने झाडून, थिनरमध्ये किंचित ओलं करून पिळलेल्या फडक्याने पुसा. टॉवेलच्या कारखान्यांतून निघणारी कात्रणं या कामाला फार चांगली, सुती असतात आणि तंतू सोडत नाहीत अशी निवडून घ्या.

दुरुस्ती

बोटभर कूज असेल तर कोरून काढा, कडक लाकूड लागेपर्यंत. मग दोन भागांचं इपॉक्सी फिलर. त्याहून मोठी असेल तर भरू नका, तेवढा भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड लावून घ्या. जुन्या घरांचं उतरलेलं सागवान वखारीत मिळतं. ते पक्कं वाळलेलं असतं, नव्यापेक्षा कमी हलतं. नवी फळी लावायची असेल तर ठोकण्याआधीच तिला चारही बाजूंनी आणि दोन्ही टोकांना प्रायमर द्या. मागची बाजू कोरडी राहिली तर फळी वाकते.

लोखंडी खिळ्यांची डोकी गंजून रंगातून तांबडे ओघळ येतात. खिळा थोडा आत ठोका, गंज घासून डोक्याला रेड ऑक्साइड लावा, वर लांबी (भोकं-भेगा भरायचा लगदा). नवे खिळे-स्क्रू स्टेनलेसचे घ्या.

पाईनच्या फळ्यांत गाठी असतात आणि उन्हात त्या राळ सोडतात. पांढऱ्या रंगावर काही महिन्यांत पिवळट गोल डाग दिसतात ते हेच. प्रत्येक गाठीवर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन पातळ हात द्या, मग प्रायमर. सागाचा प्रश्न उलटा आहे. त्याचं स्वतःचं तेल ऑईल प्रायमर वाळू देत नाही. ताज्या घासलेल्या सागावर पाण्याचे चार थेंब टाका. पसरून शोषले गेले तर ठीक. गोळ्या होऊन राहिले तर थिनरने पुसून, थिनर उडाल्याबरोबर त्याच दिवशी प्रायमर द्या.

प्रायमर, मग लांबी, मग पुन्हा प्रायमर

हा क्रम उलटा करणारे पेंटर पुष्कळ आहेत. उघड्या लाकडावर थेट लांबी भरली तर लाकूड तिच्यातलं तेल ओढून घेतं आणि लांबी कोरडी पडून टपकन सुटते. आधी प्रायमरचा एक हात. उघड्या जुन्या लाकडाला ऑईलचा वुड प्रायमर चांगला, पहिला हात डब्यावर दिलेल्या मर्यादेत टर्पेंटाइनने थोडा पातळ करा म्हणजे आत मुरतो. रात्रभर वाळू द्या. मग भेगा, खिळ्यांची भोकं यांत लांबी, पातळ थरात. खोल भोक एका दमात भरू नका, वर कडक आणि आत ओलं राहतं. वाळल्यावर १८० नंबरने घासा आणि लांबीच्या जागी पुन्हा प्रायमर. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडाला लावू नका. ती लाकडाबरोबर हलत नाही.

इथे एक धोका सांगायलाच हवा. ऑईल प्रायमरमध्ये, लांबीत जवसाचं तेल असू शकतं. त्यात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापतात आणि पेटू शकतात. काडी लागत नाही. आपल्या उन्हाळ्यात तर हे लवकर होतं. काम संपलं की चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

कोणता रंग

फळ्यांच्या दर्शनी भागाला माझी पसंती बाहेरच्या कामाच्या ॲक्रिलिकला. तो थर लवचीक राहतो, लाकडातली वाफ थोडी बाहेर जाऊ देतो, उन्हात लवकर पिठाळत नाही. ऑईल इनॅमल सुरुवातीला जास्त चमकदार दिसतो, पण वर्षागणिक कडक होत जातो. दारं, खिडक्यांची झडपं यांना मात्र इनॅमलच बरा. ॲक्रिलिकचे दोन पृष्ठभाग उन्हात एकमेकांना चिकटतात आणि दार ओढताना रंग उपटतो. जुन्या ऑईल पेंटवर ॲक्रिलिक देता येतो, फक्त नीट घासून, चमक घालवून आणि मध्ये प्रायमर देऊन.

लाकडाच्या रेषा दिसाव्यात असं वाटणं साहजिक आहे, सागवान असेल तर जास्तच. पण पारदर्शक थरातून ऊन थेट लाकडापर्यंत पोचतं. रंगातली भुकटी उन्हाला अडवते, साध्या व्हार्निशमध्ये ती नसते. मेलामाइन आणि चपड्याचं पॉलिश हे घरातलं काम. बाहेर पारदर्शकच हवं असेल तर बाहेरच्या वापराचं, यूव्हीला (उन्हातल्या अतिनील किरणांना) तोंड देणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश घ्या आणि दर दीड-दोन वर्षांनी हात फिरवायची तयारी ठेवा.

गडद रंगाबद्दल. काळा, गडद चॉकलेटी सध्या पुष्कळांना आवडतो. पश्चिमेच्या भिंतीवर तो देऊ नका. गडद फळी फिक्या फळीपेक्षा खूप जास्त तापते, जास्त आक्रसते, जास्त चिरते. फिका राखाडी, बदामी, मळकट पांढरा हे आपल्या धुळीतही कमी मळलेले दिसतात.

अंदाजासाठी: जुन्या लाकडावर एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १०० चौरस फूट धरा. २० फूट रुंद आणि ९ फूट उंच दर्शनी भाग म्हणजे १८० चौरस फूट, कडा आणि टोकं धरून २००. दोन हातांना चार लिटर. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या, आणि सुरू करण्याआधी एका बादलीत एकत्र ढवळा, म्हणजे मध्येच छटा बदलत नाही.

हात देताना

सावलीमागे चाला. पश्चिमेची बाजू सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. थंडीत दव उडाल्यावर, नऊ-साडेनऊनंतर सुरुवात करा आणि सूर्य मावळायच्या दोन तास आधी थांबा, नाहीतर ओल्या रंगावर दव पडून चमक जाते.

अडीच-तीन इंची ब्रश पुरे. आधी फळीची खालची कड (मागची फट न बुजवता) आणि टोक, मग पृष्ठभाग. एक-दोन फळ्या पूर्ण लांबीने एका दमात संपवा. मध्येच थांबलात तर तिथे जोड दिसतो. ब्रश एक तृतीयांशच बुडवा, शेवटचा हलका हात लाकडाच्या रेषेत. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात केव्हाही चांगले. ॲक्रिलिकच्या दोन हातांत चार-पाच तास, इनॅमलला पूर्ण रात्र. आपल्या कोरड्या हवेत वरून लवकर वाळल्यासारखा लागतो, त्याला भुलू नका. इनॅमलच्या दोन हातांमध्ये १८० नंबर हलका फिरवा.

शिडी उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकी भिंतीपासून लांब ठेवा. पेठांतल्या गल्ल्यांत विजेच्या तारा सज्ज्याला जवळजवळ लागून असतात. हाताच्या अंतरात तार असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या, ॲल्युमिनियमची शिडी तिथे वापरू नका. दुसऱ्या मजल्याच्या वर काम असेल तर परांची बांधणाऱ्याकडूनच करून घ्या.

पेंटरला काम देताना

सगळं काम उक्तं दिलं की खरवडणं-घासणं आटपतं घेतलं जातं. यात पेंटरचा दोष नाही, त्याला दिवस भरून निघायला हवेत. म्हणून खरवडणं, घासणं, दुरुस्ती रोजंदारीवर द्या, रंगाचे हात उक्ते. 'एक हात मारला की सगळं झाकून जातंय की,' असं ऐकलंत तर शांतपणे सांगा, 'अण्णा, झाकायचं नाही, धरायचंय.' प्रायमर देण्याआधी प्रत्येक बाजू तुम्ही स्वतः बघणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. फळ्यांची टोकं, कठड्याचा तळ आणि खिडकीच्या चौकटीची वरची कड या तीन जागा हाताने चाचपा. या तीन जागा नीट असतील तर बाकीचं काम बहुतेक चांगलंच झालेलं असतं.

नंतर

दर वर्षी पावसाळा संपल्यावर एकदा धूळ धुवा आणि मेअखेरीला एकदा सांधे बघा. चीर दिसली तर सकाळी, फळी गार असताना, तेवढीच घासून, प्रायमर देऊन, रंगाचा हात द्या. मिरगाच्या आधी हे केलं तर सप्टेंबरच्या पावसाला आत शिरायला जागा मिळत नाही. फिक्या ॲक्रिलिकला सावलीच्या बाजूने सात-आठ वर्षं मिळू शकतात, पश्चिमेला चार-पाच धरा, आणि पश्चिमेची बाजू एकटीच आधी रंगवायला हरकत नाही. त्यासाठी उरलेला रंग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून सावलीत ठेवा. बरणीवर कंपनी, छटेचा नंबर, तारीख आणि कुठल्या बाजूला दिला ते लिहून चिकटवा.